दम आलू पहिल्यांदा करताय? क्रीमचं पाकीट बाजूला ठेवा

फ्रेश क्रीमचं पाकीट आणून ठेवलं असेल तर तूर्त ते फ्रिजमध्येच राहू द्या. शेवटी लागलंच तर दोन चमचे काढू. पंजाबी भाजी पहिल्यांदा करताना बहुतेकांची गत एकच होते. मसाला कच्चा राहतो, रस्सा एकीकडे आणि पाणी एकीकडे होतं, आणि मग ते सगळं झाकायला वरून क्रीम ओतलं जातं. भाजी पांढुरकी दिसते, चव बोथट होते आणि दाटपणा काही येत नाही. हॉटेलातल्या दम आलूचा तो गुळगुळीत, बटाट्याला लपेटून बसणारा रस्सा आधीच तयार झालेला असतो. त्याला तीन गोष्टी लागतात: गंधासारखे बारीक वाटलेले काजू, तेल सुटेपर्यंत परतलेलं वाटण आणि न फाटलेलं दही. या तिन्ही जमल्या की क्रीम ही निव्वळ हौस उरते.

पहिल्या खेपेला दीड तास हाताशी ठेवा. पुढे सरावाने तासाभरात होतं.

कोणता दम आलू?

हे नाव एकच असलं तरी घरागणिक भाजी वेगळी. काश्मिरी पंडितांच्या दम आलूत कांदा नाही, लसूण नाही, टोमॅटोही नाही. मोहरीच्या तेलात चांगले खरपूस तळलेले बटाटे, हिंग, मिरची, बडीशेपेची आणि सुंठेची पूड, दही. रस्सा लाल, वर तेल तरंगणारा. मलईसारखा मऊपणा तिथे कोणी शोधतही नाही. बंगाल्यांचा आलूर दम लुचीबरोबर खायचा, तो अंगाबरोबरच्या रश्शाचा. आपण करणार आहोत ती आपल्याकडच्या हॉटेलांत मेन्यूकार्डावर ‘पंजाबी भाज्या’ या सदराखाली सापडणारी तऱ्हा: कांदा, टोमॅटो आणि काजूच्या वाटणातली, दही घातलेली. काश्मिरी पद्धतीतून एक गोष्ट मात्र मी उसनी घेते, ती म्हणजे बडीशेपेची पूड. तिच्याशिवाय ही भाजी पनीरच्या कुठल्याही भाजीसारखी लागते.

बटाटा हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला आणि वड्यापासून काचऱ्यांपर्यंत सगळीकडे तोच वापरला. पण ‘दम बटाटा’ म्हणणारं माणूस मला अजून भेटायचं आहे.

सामान, चौघांसाठी

मोठा चमचा म्हणजे 15 मिली, लहान चमचा म्हणजे 5 मिली आणि वाटी म्हणजे आमटीची, साधारण 150 मिलीची.

- छोटे बटाटे अर्धा किलो, साधारण 16 ते 18
- मध्यम कांदे 2, लालबुंद पिकलेले टोमॅटो 2
- काजू 15 ते 18, तुकडाही चालेल
- आल्याचा इंचभर तुकडा, लसणाच्या 6-7 पाकळ्या
- ताजं, आंबट न झालेलं दही पाऊण वाटी, बेसन 1 लहान चमचा
- काश्मिरी मिरचीची पूड 2 लहान चमचे, धणेपूड 2 लहान चमचे, जिरेपूड अर्धा, हळद पाव, बडीशेपेची पूड 1, गरम मसाला अर्धा लहान चमचा
- तमालपत्र 1, हिरवे वेलदोडे 2, लवंगा 2, दालचिनीचा इंचभर तुकडा, शहाजिरे अर्धा लहान चमचा
- कसुरी मेथी 1 लहान चमचा, मीठ, चिमूटभर साखर
- तेल 6-7 मोठे चमचे, तूप 1 लहान चमचा

काश्मिरी मिरची तिखटासाठी नाही, रंगासाठी घ्यायची. ती नसेल तर ब्याडगी मिरचीची पूड उत्तम. कोकणात आणि गोव्यात ती घरात असतेच. नेहमीचं लाल तिखट दोन चमचे घालाल तर मात्र जेवताना सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. तेच वापरायचं असेल तर अर्धा चमचा पुरे, रंग थोडा फिका येईल तो येऊ द्या.

काजू महाग वाटत असतील तर कलिंगडाच्या सोललेल्या बिया, म्हणजे वाण्याकडे मिळणारे मगज, दोन मोठे चमचे घ्या. हॉटेलवालेही बऱ्याचदा तेच करतात. खसखसही चालते, पण ती मिक्सरला लवकर दाद देत नाही. दुबई-शारजाला राहत असाल तर तो विचारही नको, तिथे खसखशीवर बंदी आहे आणि इकडून नेणं अंगाशी येतं.

बटाटे

निवड करताना साल बघा. अंगठ्याने घासलं तर सुटणारी पातळ साल म्हणजे नवा बटाटा. तो शिजल्यावर आकार धरून राहतो, आणि या भाजीला तोच हवा. जुना, पिठूळ बटाटा वड्याच्या सारणाला छान, रश्शात मात्र कडा विरघळून गाळ होतो. शीतगृहात फार थंड ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते, म्हणून तो चवीला गोडसर लागतो आणि तळताना आत शिजण्याआधीच बाहेरून काळपट पडतो. हिरवट डाग असलेले किंवा कोंब फुटलेले घेऊच नका. छोटे मिळाले नाहीत तर मध्यम बटाटे सोलून चार मोठे तुकडे करा. परदेशात असाल तर शार्लटसारख्या घट्ट जातीचे घ्या, रसेट किंवा मॅरिस पायपर नकोत.

नवशिक्यांच्या मनात एक शंका हमखास येते: कच्चे बटाटे सरळ रश्शात टाकले तर तिथेच शिजणार नाहीत का? शिजतील, पण तुमचा अंत पाहून. बटाट्याच्या पेशींना बांधून ठेवणारं पेक्टिन आंबटात नीट विरघळत नाही, आणि इथे टोमॅटोही आहे, दहीही आहे. अर्धा तास उकळूनही मधला भाग कचकचीत राहतो आणि तोवर रस्सा आटून जातो. चिंचेच्या आमटीत बटाटा का शिजत नाही, हे कोडंही यातच सुटतं. म्हणून बटाटे आधी वेगळे शिजवायचे.

पातेल्यात बुडतील एवढं गार पाणी, एक मोठा चमचा मीठ आणि बटाटे सालासकट. उकळी आल्यावर 10 ते 12 मिनिटं. सुरी आत जावी, पण अगदी मध्याशी किंचित अडावी. कुकरची घाई असेल तर एक शिट्टी आणि वाफ लगेच काढून टाकायची. वाफ आपोआप जिरण्याची वाट पाहिलीत तर लगदा झालाच म्हणून समजा.

गार झाले की सोला, आणि प्रत्येक बटाट्याला काट्याने सहा-सात ठिकाणी आरपार टोचा. मसाला आत शिरायला वाट हवी. मग फडक्याने पुसून कोरडे करा. ओला बटाटा गरम तेलात पडला की तेल हातावर येतं. कढईत तीन मोठे चमचे तेल तापवून मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं, कढई हलवत हलवत, सगळीकडून सोनेरी होईपर्यंत परता. या पापडीमुळेच बटाटा पुढे दमावर फुटत नाही. डीप फ्राय केलेत तर जास्त छान लागतात हे खरं आहे, पण रोजच्या घरात त्या उरलेल्या तेलाचं काय करायचं हा प्रश्न उरतो.

वाटण

काजू कढत पाण्यात 20 मिनिटं भिजत घाला. बटाटे शिजायला ठेवतानाच हे काम उरका.

दुसऱ्या भांड्यात एक मोठा चमचा तेल, त्यात कांदा उभा, जाडसर चिरून. कांदा कच्चा वाटून मग परतण्याचा मोह टाळा. कच्च्या कांद्याची पेस्ट थोडा वेळ जरी राहिली तरी कडवट होते आणि तो कडूपणा शेवटपर्यंत जात नाही. कांदा पारदर्शक होऊन कडेला गुलाबी दिसू लागला की आलं, लसूण, मिनिटभराने टोमॅटोच्या फोडी, भिजलेले काजू आणि चिमूटभर मीठ. झाकण ठेवून सात-आठ मिनिटं, टोमॅटो गळून जाईपर्यंत.

आता थांबायचं. पूर्ण गार होऊ द्या. कढत मिश्रण मिक्सरमध्ये फिरवलं की आतल्या वाफेने झाकण उडतं आणि छतावर टोमॅटोचं नक्षीकाम होतं.

गार झालं की अगदी थोडं पाणी घालून मिक्सर दोन मिनिटं फिरवा, मध्ये एकदा कडा निपटून. थेंबभर वाटण चिमटीत घेऊन चोळून बघा. रवाळ लागलं तर अजून फिरवा. घरचा मिक्सर दमलेला असेल तर वाटण सोजीच्या चाळणीतून गाळून घ्या. टोमॅटोच्या बिया आणि साली तिथेच अडकतात. रश्शाच्या मऊपणाचा निम्मा निकाल या मिक्सरमध्येच लागतो.

परतणं

उरलेला निम्मा निकाल कढईत.

जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तेल आणि चमचाभर तूप तापलं की शहाजिरे आणि सगळे अख्खे मसाले. वेलदोडा फुगला, वास सुटला की आच अगदी मंद करा. मिरची, हळद, धणे आणि जिऱ्याची पूड आधीच एका वाटीत तीन-चार चमचे पाण्यात कालवून ठेवलेली असू द्या, ती आता घाला. कोरडी मिरचीपूड तेलात टाकली तर पाच-सात सेकंदांत जळते, घरभर ठसका उठतो आणि लाल रंगाचा तपकिरी होतो. पाण्यात कालवलेली पूड तुम्हाला निदान मिनिटभराची उसंत देते. पाणी आटून कडेला लाल तेल दिसलं की वाटण घाला.

इथून पुढची 10 ते 12 मिनिटं फोन दूर ठेवा. सुरुवातीला वाटणाचा रंग गाजरासारखा असतो आणि ते फदफद करत उडतं. झाकण तिरपं धरा, हात सांभाळा. तीन-चार मिनिटांत कच्च्या टोमॅटोचा आंबूस वास कमी होतो. मग फदफद थांबून चुरचुर सुरू होते. पाणी आटत आलं याची ती खूण. बघायच्या आधी ऐकायला शिका. रंग विटकरी होतो, मसाला उलथन्याबरोबर गोळा होऊन येतो, कढईचा तळ सोडू लागतो. आणि मग कडेला, नंतर मसाल्याच्या सुरकुत्यांमधून, तेलाचे बारीक थेंब दिसू लागतात. यालाच आपण तेल सुटलं म्हणतो. वाटणात पाणी होतं तोवर तेल त्यात मिसळून लपलेलं होतं, पाणी गेलं तसं ते बाहेर आलं. खाली लागतंय असं वाटलं तर दोन चमचे गरम पाणी शिंपडून पुन्हा परता. काजू बुडाला चटकन धरतात, त्यामुळे हे एक-दोनदा करावं लागतंच.

‘तेल सुटलं असावं’ असं वाटतं तेव्हा ते सुटलेलं नसतं. आणखी दोन मिनिटं द्या.

दही

गॅस बंद. हो, पूर्ण बंद.

पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत असताना फ्रिजमधलं थंडगार दही मी उकळत्या कढईत एका झटक्यात ओतलं होतं. रस्सा डोळ्यांदेखत फाटला. पांढऱ्या कण्या वर, पिवळं पाणी खाली. रूममेट जेवताना म्हणाली, ‘अगं, पनीर किसून घातलंस का?’ मी ‘हो’ म्हटलं आणि विषय संपवला.

आंबटपणा आणि उष्णता एकदम भेटली की दह्यातलं प्रथिन आकसून त्याच्या गुठळ्या होतात, पाणी वेगळं निघतं. ते होऊ न देण्यासाठी एवढं करा. दही तासभर आधी बाहेर काढून ठेवा. ते सायीच्या दुधाचं असू द्या, बिनसायीचं लवकर फाटतं. त्यात बेसन घालून गुठळी राहणार नाही असं फेटा, बेसन या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही. आपण कढीला बेसन लावतो ते याच कारणाने, त्यामुळे कढी येत असेल तर हेही तुम्हाला येतंच. मग कढईतलं पळीभर गरम वाटण दह्यात घालून ढवळा, म्हणजे दही कोमट होईल. आता ते दही मसाल्यात थोडं थोडं, चमच्याने, सतत ढवळत. सगळं एकजीव झाल्यावरच गॅस अगदी बारीक करून लावा आणि पहिला बुडबुडा येईपर्यंत हात थांबवू नका. चार-पाच मिनिटांत पुन्हा कडेला तेल दिसेल. वाटणातल्या चिमटीखेरीज मीठ अजून घातलेलं नाही, बरोबर? ते यानंतर.

दमावर

आता कढत पाणी, दीड ते दोन वाट्या. गार पाणी घातलं की रस्सा दचकतो आणि तेल वेगळं तरंगतं. चवीपुरतं मीठ, साखर, बडीशेपेची पूड, आणि बटाटे. बटाटे मीठ घालून शिजवले होते, तेवढं लक्षात ठेवा. रस्सा आत्ता तुम्हाला हवा त्याहून पातळ दिसायला हवा. काजू आणि बेसन नंतर त्याला दाट करणार आहेत.

दम हा फारसी शब्द, अर्थ श्वास. वाफ आतच कोंडून ठेवायची म्हणून झाकणाची कड कणकेने लिंपायची पद्धत आहे. घरी एवढा थाट नको. आपली झाकणावर पाणी ठेवायची रीत इथे चपखल बसते: खोलगट झाकण, त्यात पेलाभर पाणी, कढईखाली जाड तवा आणि आच बारीक. वरचं पाणी झाकण थंड ठेवतं, वाफ तिथे आदळून परत रश्शात पडते, आणि झाकणाला वजनही मिळतं. 12 ते 15 मिनिटं. फारसीतला दम कोंडला, आता आपला मराठीतला दम धरायचा, मध्ये उघडून बघायचं नाही.

उघडल्यावर एक बटाटा कापून बघा. कडेपासून आत अर्ध्या सेंटिमीटरपर्यंत रंग शिरलेला दिसला की झालं. कसुरी मेथी गरम तव्यावर अर्धा मिनिट कोरडी शेकून तळहातावर चुरडा आणि वरून घाला, त्याबरोबर गरम मसाला. मेथी जास्त झाली तर भाजी कडू होते, चमच्याचा हिशोब पाळा. गॅस बंद करून निदान 20 मिनिटं तशीच ठेवा. या वेळात रस्सा बटाट्यांत मुरतो आणि दाटही होतो.

क्रीमचं पाकीट आता आठवायला हरकत नाही. रस्सा आंबट किंवा तिखट वाटत असेल तर दोन मोठे चमचे घाला. घरची साय वापरणार असाल तर ती आधी चमच्याने चांगली फेटा, नाहीतर तिचे तुकडे रश्शात तरंगत राहतात.

बिघडलंच तर

दही फाटलं तर बटाटे बाजूला काढा, रस्सा गार करा, अख्खे मसाले वेचा आणि चार-पाच भिजवलेल्या काजूंबरोबर तो मिक्सरमधून फिरवा. पूर्वीसारखा होणार नाही, पण पाहुण्यांना कळणार नाही. पातळ झाली तर झाकण काढून उकळा किंवा शिजलेला एक बटाटा रश्शातच कुस्करा. बुडाला लागली तर खरवडू नका, वरची भाजी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता आणि करपलेलं तिथेच सोडा. लसूण किंवा मिरची जळून आलेल्या कडूपणावर मात्र उपाय नाही. तो वास आला की त्याच क्षणी ते तेल फेकून देऊन पुन्हा सुरुवात करणं स्वस्त पडतं.

फुलके, नान किंवा जिरा राइस यांपैकी काहीही चालतं. मला विचाराल तर गरम फुलके आणि लिंबू पिळलेला कच्चा कांदा. पुरीबरोबर फार जड होतं.

उरलेली भाजी फ्रिजमध्ये दोन दिवस नीट राहते. दुसऱ्या दिवशी ती घट्ट गोळा झालेली दिसेल, घाबरू नका. अर्धी वाटी कढत पाणी घालून मंद आचेवर गरम केली की रस्सा पूर्ववत होतो. फ्रीझरमध्ये बटाटे घालू नका, त्यांचा पोत भुसभुशीत आणि पाणचट होतो. पण परतलेलं वाटण, दही घालण्याच्या आधीच्या टप्प्यावरचं, फ्रीझरमध्ये महिनाभर छान टिकतं. दुप्पट करा, निम्मं डब्यात भरा. पुढच्या वेळी त्यात पनीर, मटार, उकडलेली अंडी, काहीही घालता येतं आणि भाजी अर्ध्या तासात ताटात.